यान्कूच्या नावाचं पाणी

यान्कू मेला त्या दिवशी त्याची साखर साडेसहा होती. इलिंकाला हे पक्कं ठाऊक होतं, कारण सकाळी तिनेच त्याचं बोट टोचलं होतं आणि "शाब्बास यान्कूभाऊ, वर्गात पहिला नंबर!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. दुपारी चढावर त्याचा ट्रॅक्टर उलटला. आता बोला! आमच्याकडे साखर लहान आकड्यांत मोजतात. सातच्या आत आली की डॉक्टर हसतो, दहाच्या वर गेली की चष्मा पुसायला लागतो. सहा वर्षं तोंड बांधून माणसाने साखर साडेसहावर आणावी आणि ट्रॅक्टरखाली जावं, ह्याला काय म्हणायचं? नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं.

इलिंका म्हणजे आमच्या गावच्या दवाखान्यातली घरोघर फिरणारी नर्स. डॉक्टर मंगळवारी येतो, आला तर. बाकीचे सहा दिवस इलिंकाच डॉक्टर आणि इलिंकाच कंपाउंडर. भांडणं लागली तर पंचही तीच. सर्बियातल्या होमोल्येच्या डोंगरातलं गाव आमचं. फाटकांवर सिमेंटचे सिंह, आत दुमजली घरं, संगमरवरी जिने, आणि वरच्या खोल्यांत माणूस औषधालासुद्धा नाही. पोरं सगळी व्हिएन्नात. घरं बांधून दिली की त्यांचं कर्तव्य संपलं. म्हातारे मागच्या अंगणातल्या चुलीपाशी एका खोलीत राहतात आणि सिंहांवरची धूळ झटकतात. त्यातल्या दर दुसऱ्याला साखर.

शहरातून एकदा रंगीत कागद आले होते, मधुमेह्यांनी काय खावं म्हणून. त्यावर हिरवा फ्लॉवर आणि समुद्रातला गुलाबी मासा. आमच्या गावाला समुद्र म्हणजे टीव्हीत. इलिंकाने त्या कागदांनी चूल पेटवली आणि स्वतःचा कागद लिहिला, सरकारी सर्बियनमध्ये नव्हे, आमच्या व्लाख बोलीत, हाताने चित्रं काढून. मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा एक डाव, दुसरा डाव शेजाऱ्याला. पाव तळहाताएवढा, आणि तळहात तुझा, नवऱ्याचा नव्हे. उपासाचे दिवस जरूर पाळा, पण उपासाच्या नावाखाली बटाटे, पाव आणि मध झोडू नका, देवाला सगळं दिसतं आणि नसलं दिसत तर मला दिसतं. लग्नात काय, बारशात काय, मर्तिकाच्या जेवणात काय, सगळं त्यात होतं. दर गुरुवारी सातजण दवाखान्यात जमायचे. गावातले टवाळ म्हणायचे, "चालले सगळे साखरेच्या शाळेत!" म्हणेनात का. त्या सातजणांच्या साखरा खाली आल्या होत्या, हे खरं.

त्या सातांत एक होता त्राइलो, इलिंकाचा सख्खा थोरला भाऊ, सासष्ट वर्षांचा. बायको नातवंडं सांभाळायला व्हिएन्नात, हा इथे एकटा. शाळेतला सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी आणि सगळ्यात दुर्दैवीही. आठ वर्षांच्या साखरेने त्याच्या तळव्यांतला जीव गेला होता. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाच्या अंगठ्याला साधा फोड आला, तो चिघळला, अंगठा गेला. जखम भरायला चार महिने लागले. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या सर्जनने तेव्हा इलिंकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, पुढच्या वेळी मी बोटांशी खेळत बसणार नाही. गुडघ्याखालून काढीन. रक्तच पोचत नाही त्या पायात."

तेव्हापासून इलिंकाने भावाचा पाय डोळ्यात तेल घालून जपला होता. एकट्या माणसाचा पाय गेला की काय होतं, ते तिने घरोघर फिरून बघितलं होतं. पोरं येतात, दोन दिवस रडतात, आणि विमानाने परत जातात.

यान्कूला पुरून तिसऱ्या दिवशी त्याची बायको फ्लोरिका दवाखान्यात आली. काळा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, हातात चिठ्ठी.

"इलिंके, यान्कूच्या जागी त्राइलो बसेल. त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय."

"मग वहिनी, मला विचारायला आलात?"

"विचारायला नाही. सांगायला."

इलिंकाने तिच्या हातातली चिठ्ठी घेतली. आमच्यात मेलेल्यासाठी पोमाना घालतात, सातव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने. मेलेल्याच्या वयाचा, त्याच्या अंगाबांध्याचा माणूस निवडायचा, त्याला नखशिखांत नवे कपडे घालायचे आणि ताटावर मेलेल्याच्या जागी बसवायचं. तो जे खातो ते तिकडे पोचतं, तो जे घालतो ते तिकडे मिळतं. यान्कू आणि त्राइलो फौजेत एका बराकीत होते, एका वयाचे, एका उंचीचे. दुसरं कोण बसणार? आणि नाही म्हणणं म्हणजे मित्राला परलोकाच्या दारात उपाशी ताटकळत ठेवणं. असं पाप कोणी करत नाही.

इलिंकाने चिठ्ठी वाचली. भाजलेलं डुक्कर, कोबीच्या पानातल्या खिम्याच्या गुंडाळ्या, पांढरा पाव, मधाचा पाव, अक्रोडाच्या वड्या, आलुबुखाराचा मुरंबा, आणि राकिया, म्हणजे फळांची दारू.

"वहिनी, हे सगळं दादाने खायचं? त्याच्या पायाचं माहीत आहे ना तुम्हाला? अहो, यान्कूभाऊसुद्धा हे खात नव्हते!"

फ्लोरिका उभीच होती. ती खाली बसली नाही, पण आवाज मात्र चढला. "खात नव्हता. का खात नव्हता? तुझ्यामुळे! सहा वर्षं तुझ्या कागदावर चालला माझा नवरा. नातवाच्या बारशाला केक पुढ्यात आला, तर चोरी केल्यासारखा हात मागे घेतला त्याने. का, तर म्हातारपण चांगलं जावं. कुठाय ते म्हातारपण? आण बघू! इकडे तू त्याला उपाशी ठेवलंस, आता तिकडे तरी पोटभर जेवू दे."

इलिंकाने चिठ्ठीची घडी घातली. सख्खा भाऊ एकीकडे, मेलेला माणूस दुसरीकडे, आणि मध्ये ही. इकडे आड, तिकडे विहीर.

मग तिला सुचलं. आणि तिला वाटलं, देवानेच सुचवलं.

"वहिनी, पाणी कोण वाहणार?"

फ्लोरिकाचा चेहरा पडला. मर्मावरच बोट पडलं होतं. मेलेल्यासाठी चाळीस दिवस झऱ्याचं पाणी वाहावं लागतं. पहाटे भरायचं, तीन घरी त्याच्या नावाने द्यायचं, चाळिसाव्या दिवशी झऱ्यावर मेणबत्ती लावून ते पाणी मोकळं करायचं. नाही केलं तर मेलेला तिकडे तहानलेला. हे काम खरं तर कुमारिकेचं. पण गावात कुमारिका होती कुठे? सगळ्यात लहान मुलगी म्हणजे त्रेपन्न वर्षांची ब्रान्का, आणि तिचे गुडघे गेलेले.

"तेच तर," फ्लोरिका म्हणाली आणि आता मात्र बसली. "रोज रात्री तेच डोक्यात. माझ्याने तो चढ होत नाही."

"दादा वाहील. यान्कूभाऊंच्या नव्या कपड्यांत, नव्या बुटांत, चाळीस दिवस, न चुकता. म्हणजे बघा, पाणी पोचलं, कपडे पोचले. आणि ताटावर त्याने प्रत्येक पदार्थाचा एकेक घास घ्यायचा, बाकीचं त्यांच्या नावाने गावात वाटायचं. वाटलेलंही पोचतंच ना? आमची आजी तर म्हणायची, वाटलेलं आधी पोचतं."

फ्लोरिकाने चिठ्ठी परत घेतली. "तू फार लबाड आहेस, इलिंके."

"आहे."

"चाळीसच्या चाळीस दिवस?"

"एकही चुकणार नाही. मी आहे ना."

फ्लोरिका गेल्यावर इलिंका एकटीच हसली. का नाही हसणार? दीड किलोमीटर चढ, दीड किलोमीटर उतार, रोज. वर्षभर ती दादाच्या मागे लागली होती, चालायला जा, चालायला जा. आणि तो म्हणायचा, "काम नसताना चालतो तो वेडा किंवा शहरातला." आता त्याला काम मिळालं होतं. मेलेल्याचं काम, जे टाळता येत नाही. एका दगडात दोन पक्षी!

फ्लोरिकाने शहरातून बूट आणले. काळे, कातडी, टाचेला खिळे मारलेले, पुरुषाच्या पोमानाला शोभतील असे. यान्कूच्या मापाचे. त्राइलोने ते दवाखान्यात घालून दाखवले, नवी पँट, नवा सदरा, नवी टोपी, सगळ्यासकट. आरशात बघून म्हणाला, "यान्कूपेक्षा मीच बरा दिसतो."

"दादा, बूट चावत नाहीत ना?"

"छे! लोण्यासारखे आहेत."

आणि इलिंकाने ते ऐकून मान डोलावली. सव्वीस वर्षं नोकरी केलेली नर्स. ज्याच्या तळव्याला निखारा कळत नाही, त्याला तिने विचारलं, बूट चावतो का. पुढे किती दिवस हे आठवून ती कपाळ बडवून घेणार होती! पण त्या सकाळी ती खुशीत होती आणि माणूस खुशीत असला की त्याच्याइतकं आंधळं कोणी नाही.

सातव्या दिवशीची पोमाना नीट पार पडली. त्राइलोने एकेक घास घेतला, मधाचा पाव नुसता ओठांना टेकवला, मुरंब्याला बोट लावून जिभेला लावलं, बाकीचं फ्लोरिकाने घरोघर वाटलं. जेवणानंतर दोन तासांनी इलिंकाने साखर मोजली. साडेदहा. मर्तिकाच्या जेवणानंतर साडेदहा! तिने आकाशाकडे बघून हात जोडले.

आणि मग पाणी सुरू झालं. रोज पहाटे त्राइलो यान्कूच्या कपड्यांत निघायचा, खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना घागरी. वाटेत थांबायचं नाही, बूट काढायचे नाहीत, कारण हा अनवाणी झाला तर यान्कू तिकडे अनवाणी. लोक फाटकात उभे राहून पाणी घ्यायचे आणि म्हणायचे, "यान्कूला पोचो." त्राइलो म्हणायचा, "पोचेल पोचेल, आणि पोचलं नाही तर तो मला शिव्या घालायला येईल. फौजेत हेच करायचा." वर्षानुवर्षं चुलीपाशी खुरमांडी घालून बसलेला माणूस, आता त्याच्या चालण्यात डौल आला. कोणाला तरी आपली गरज आहे म्हटल्यावर माणूस कसा बदलतो बघा! मग ते कोणी मेलेलं का असेना.

पहिल्या आठवड्यात त्याची उपाशीपोटीची साखर नवावर आली, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सव्वासात. पहिले दोन आठवडे इलिंकाने रोज त्याचे मोजे काढून पाय बघितले. ठणठणीत. तिसऱ्या आठवड्यात ती एक दिवसाआड बघायला लागली. मग मंगळवारच्या डॉक्टरने आकडे बघितले, जिल्ह्याला फोन केला, आणि जिल्ह्याहून इलिंकाला फोन आला. बाई, हे तुम्ही कसं केलंत? आमच्या लोकांच्या चालीरीती धरून काम करणारी अशी शाळा इतर गावांतही हवी, सगळं लिहून पाठवा. सव्वीस वर्षांत तिला कोणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ती लिहायला बसली. चार दिवस लिहीत होती. भावाचा पाय बघायचा राहिला. फोनवर विचारायची, "दादा, आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतोस ना?" तो म्हणायचा, "बघतो गं." चष्म्याशिवाय त्याला स्वतःचं फाटक दिसत नव्हतं, आणि वाकून तळवे बघताना चष्मा घसरून पडायचा. पण मोठा भाऊ धाकट्या बहिणीला हे कशाला सांगेल?

पाण्याच्या एकोणतिसाव्या दिवशी साखर सोळा निघाली.

इलिंकाने दुसऱ्या बोटाला टोचलं. साडेसोळा.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"दादा, माझ्या तोंडाकडे बघून सांग. काय खाल्लंस?"

"मामालिगा. एक डाव. आणि घेवडा."

"आणि?"

"आणि काय? दगड?"

"मुरंबा दिला ना कोणीतरी? पाणी घेतल्यावर हातावर काहीतरी ठेवतात लोक, मला माहीत नाही का! कोणी दिला? ब्रान्काने?"

"इलिंके, आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस!"

तिने त्याचं कपाट उघडलं. बरण्या हुंगल्या, पिठाच्या डब्यात हात घातला, गादी उचलून बघितली. त्राइलो चुलीपाशी बसून बघत राहिला. सासष्ट वर्षांचा माणूस, आणि बहीण त्याची झडती घेतेय. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "जरा थंडी वाजतेय मला आज." आणि इलिंका म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं!"

दुसऱ्या दिवशी अठरा. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. पहिल्या नंबराचा अहवाल जिल्ह्याला गेला होता आणि ह्याने मुरंब्यापायी नाक कापलं, हेच तिच्या डोक्यात. अंगात कुठे जखम चिघळली की साखर आपोआप वर चढते, न खाता चढते. हे तीच दर गुरुवारी शिकवायची. तिच्या कागदावर सातव्या ओळीत होतं, खाली दोन रेघा मारलेल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्या दोन्ही दिवशी त्राइलो पाणी घेऊन आला, तापात, तीन घरी पोचवून.

एकतिसाव्या दिवशी तो आला नाही. फ्लोरिका धापा टाकत दवाखान्यात आली. "इलिंके, पाणी आलं नाही."

इलिंका धावली. त्राइलो पलंगावर होता, यान्कूच्या कपड्यांत, पायांत बूट. दारातच तिला वास आला. सव्वीस वर्षांच्या नाकाला तो वास सांगावा लागत नाही.

बूट तिने कात्रीने कापला. मोजा तळव्याला चिकटला होता, तो पाण्याने भिजवून काढला. डाव्या टाचेत भोक. बुटाच्या टाचेतला एक खिळा आत वर आला होता. किती दिवसांपासून कोण जाणे. प्रत्येक पावलाला तो आत जात होता, चढाला आणि उताराला, दोन घागरींच्या वजनासकट. टाच काळी पडली होती, आणि काळं पोटरीकडे निघालं होतं.

"दादा," ती म्हणाली, "बूट घालायच्या आधी आत हात घालून बघायचं असतं. मी किती वेळा सांगितलं होतं. आत हात घालून बघायचं असतं!"

त्राइलोचे डोळे तापाने लाल झाले होते. तो म्हणाला, "माझा बूट असता तर घातला असता गं. तो यान्कूचा. मेलेल्याच्या बुटात हात कसा घालणार?"

फ्लोरिका दारात उभी होती. तिने रुमालाने तोंड दाबलं.

जिल्ह्याच्या इस्पितळात तोच सर्जन होता. त्याने पाय बघितला, कापलेला बूट बघितला, आणि इलिंकाकडे वळला. "ह्या पायावर महिनाभर डोंगर चढायला ह्यांना कोणी सांगितलं?"

स्ट्रेचरवरून त्राइलो म्हणाला, "कोणी नाही हो डॉक्टर. माझीच हौस. ही तर नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही." डॉक्टर पुटपुटला, "ह्या लोकांना शिकवून काय उपयोग आहे?" आणि निघून गेला. इलिंकाला वाटलं, ओरडून सांगावं की हा खोटं बोलतोय, मी, मी सांगितलं. तिने सांगितलं नाही. भावाच्या खोटेपणाच्या आडोशाला ती गपचूप उभी राहिली, आणि ह्याची लाज तिला पायापेक्षाही जास्त जाळत राहिली.

गुडघ्याखालून काढायचं म्हणाले होते. गुडघ्यावरून काढावा लागला.

उरलेले दिवस फ्लोरिकानेच पाणी वाहिलं, कोपराकोपरावर थांबत, अर्धी घागर. चाळिसाव्याची पोमाना झाली, पण नवा माणूस बसवायचा नसतो म्हणून ताटापाशी त्राइलोची टोपी ठेवली. जिल्ह्याहून पत्र आलं, अहवाल आवडला, पुढच्या महिन्यात इतर गावांतल्या नर्सना शिकवायला या. इलिंकाने ते पत्र फाडलं नाही की उत्तरही पाठवलं नाही. गुरुवारची शाळा चालू राहिली, म्हणजे दार उघडं असायचं. दोघेजण यायचे, कधी एकच. एकदा एक म्हातारी स्पष्टच बोलली, "यान्कूने ऐकलं तो गेला, त्राइलोने ऐकलं त्याचा पाय गेला. मी आपली पाव खाते." इलिंकाला तिचा राग आला नाही. रागवायला आपण बरोबर आहोत असं वाटावं लागतं.

त्राइलोचा मुलगा व्हिएन्नाहून आला, दोन दिवस रडला, चाकाची खुर्ची घेऊन दिली आणि गेला. बायको तीन आठवडे राहिली, मग तिकडे नातवाला गोवर आला आणि तीही गेली. इलिंका रोज सकाळ-संध्याकाळ भावाकडे जायची, इन्सुलिन द्यायची. उजवा पायही आता गार पडायला लागला होता. दोघांनाही ते कळत होतं.

एका सकाळी त्राइलोने हात मागे घेतला. "आज नको टोचू. बस जरा. मला माझी पोमाना घालायची आहे."

आमच्यात जिवंतपणी स्वतःची पोमाना घालता येते. ज्याला मागे कोणी नाही, किंवा मागच्यांवर ज्याचा भरवसा नाही, तो घालतो. स्वतःच्या जागी स्वतःच बसतो, स्वतःच खातो, आणि ते तिकडे त्याच्या नावाने जमा होतं.

"असलं काही बोलू नकोस, दादा."

"का बोलू नको? माझ्या जागी कोण बसेल गं? माझ्या वयाचा होता तो यान्कू. आता एका पायाचा माणूस कुठून आणशील? मीच बसतो. आणि यादी मी सांगणार, तुझा कागद नाही." त्याने तिच्या हातातली सुई बाजूला केली. "आठ वर्षं ऐकलं तुझं. नर्स म्हणून नाही ऐकलं, बहीण म्हणून ऐकलं. ह्या एका दिवशी तू माझं ऐक."

इलिंकाने नर्ससारखा नकार द्यायला हवा होता. तिने पेन काढलं आणि यादी लिहून घेतली.

ऑक्टोबरात, एका शनिवारी, त्राइलोच्या अंगणात टेबलं लागली. गावात जेवढे उरले होते तेवढे आले, चौतीस माणसं. त्राइलो टेबलाच्या वरच्या टोकाला खुर्चीत, नवा सदरा, नवी टोपी, पँटचा एक पाय पिन लावून वर दुमडलेला. ज्याची पोमाना त्याने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. त्याचं ताट संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. मेणबत्त्या लागल्या, धूप फिरला. इलिंकाने मधाचा पाव कापून त्याच्या पुढ्यात ठेवला. जाड तुकडा, मध कडांवरून ओघळणारा. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिने तो हाताने मापला नव्हता.

त्राइलोने तो उचलला, तोंडात घातला, चावला. सगळे बघत होते. त्याचा जबडा मध्येच थांबला.

"काय झालं, दादा?"

"गोड आहे गं."

"मधाचा पाव आहे. गोड असणारच."

"नाही, फार गोड आहे. घशाखाली उतरत नाही." तो तिच्याकडे बघत होता, लहान मुलासारखा गोंधळून. "आठ वर्षं मी झोपताना ह्याचीच आठवण काढायचो, इलिंके. डोळे मिटून चव आणायचो तोंडात. ही ती चव नाही. मळमळतंय मला."

इलिंकाला सगळं कळलं. जीभ विसरते, तिनेच शिकवलं होतं शाळेत, कौतुकाने सांगितलं होतं, सहा महिने सोडा, मग नकोसंच वाटेल. तिने त्याचा पाय घालवला होता, आणि ज्या गोडाच्या चवीसाठी तो आता जगणं सोडून द्यायला निघाला होता, तीही तिने आधीच घालवून टाकली होती. त्याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं.

"ठेव बाजूला," ती हळूच म्हणाली. "नको खाऊस, दादा. मी लोकांना सांगते."

"आणि तिकडे काय मिळेल मला? काहीच नाही?" त्राइलोने मान हलवली. "पाणी दे."

तिने पेला भरून दिला. त्याने घास पाण्याबरोबर ढकलला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मळमळीचं की कशाचं, कोणी विचारलं नाही. चौतीस माणसं चमचे न उचलता बसून होती, फ्लोरिकाने मान खाली घातली होती. मधाचा पाव संपला. अक्रोडाची वडी संपली. मुरंब्याची वाटी त्याने दोन्ही हातांनी धरून, लहानपणी आई कडू औषध पाजायची तेव्हा करायचा तसलं तोंड करून, तळापर्यंत संपवली.

"आणखी?" इलिंकाने विचारलं. विचारावंच लागतं, तीनदा विचारायची रीत आहे.

त्राइलोने हातातला पेला खाली ठेवला. "वाढ," तो म्हणाला, आणि इलिंकाने वाढलं.